न्यूयॉर्क ते पॅरिस: ५,८०० किलोमीटर, साडेतेहतीस तास आणि एकटा चार्ल्स लिंडबर्ग

फोनमध्ये दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ लगेच समोर येतो. न्यूयॉर्क ते पॅरिस टाकून बघा: साधारण ५,८०० किलोमीटर आणि सात-सव्वासात तास. हे दोन आकडे इतके फुकटात मिळतात की ते कधीतरी कोणीतरी जीव पणाला लावून काढले असतील, असं मनातही येत नाही.

१९२७ मध्ये पंचवीस वर्षांच्या एका पायलटने यातला पहिला आकडा लायब्ररीतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजला. दुसरा आकडा त्याला कोणी सांगूच शकत नव्हतं, कारण या दोन शहरांमध्ये मध्ये कुठेही न उतरता तोपर्यंत कोणी गेलेलंच नव्हतं. त्या माणसाचं नाव चार्ल्स लिंडबर्ग. त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी शौर्याची गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मते ती आधी हिशोबाची गोष्ट आहे.

इंजिनिअरिंग सोडलेला मुलगा

लिंडबर्गचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ ला अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, पण तो वाढला मिनेसोटामधल्या लिटल फॉल्स गावात. वडील अमेरिकन संसदेत खासदार, आई रसायनशास्त्राची शिक्षिका. मुलाला यंत्रांचं वेड. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश घेतला, पण अभ्यासात मन लागेना. १९२२ मध्ये कॉलेज सोडून तो नेब्रास्कातल्या लिंकन शहरात विमान शिकायला गेला.

त्यानंतरची काही वर्षं म्हणजे अक्षरशः मिळेल ते काम. गावोगावी जत्रेत विमानाच्या कसरती करून दाखवणं, पंखावर उभं राहणं, पॅराशूटने उड्या मारणं. १९२३ मध्ये त्याने सैन्याने विकायला काढलेलं एक जुनं ‘जेनी’ विमान ५०० डॉलरला घेतलं. मग सैन्याच्या उड्डाण शाळेत गेला आणि १९२५ मध्ये तिथून वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. कॉलेजमध्ये कंटाळणारा मुलगा इथे पहिला आला, कारण इथे चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नव्हते, विमान पडत होतं.

१९२६ मध्ये त्याला सेंट लुईस ते शिकागो टपाल नेण्याचं काम मिळालं. रात्री, धुक्यात, हवामानाचा धड अंदाज नसताना. त्याच वर्षी दोनदा असं झालं की खाली जमीन दिसेना, पेट्रोल संपलं आणि त्याला विमान सोडून पॅराशूटने उडी मारावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोल संपणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं.

पंचवीस हजार डॉलरचं आव्हान

न्यूयॉर्कमधले हॉटेलमालक रेमंड ऑर्टिग यांनी १९१९ मध्ये एक बक्षीस जाहीर केलं होतं. न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यामध्ये, कोणत्याही दिशेने, न थांबता उडेल त्याला २५,००० डॉलर. अटलांटिक ओलांडला जात होता, नाही असं नाही. त्याच १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोचले होते. पण ते अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास. न्यूयॉर्क-पॅरिस जवळजवळ दुप्पट.

आणि अंतर दुप्पट झालं की अडचण दुप्पट होत नाही, त्याहून जास्त वाढते. लांब जायचं तर जास्त पेट्रोल हवं. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वजन. वजन वाढलं की ते उचलायला इंजिन जास्त पेट्रोल पितं. म्हणजे आपण टाकीत भरलेलं काही पेट्रोल बाकीचं पेट्रोल वाहून नेण्यातच खर्च होतं. (पॉवर बँक मोठी घेतली की बॅग जड होते, तसंच. फक्त इथे बॅग खाली ठेवता येत नाही.)

बक्षिसासाठी जे आधी गेले, त्यातले बरेच याच वजनाच्या गणितात अडकले. सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फॉन्क यांचं तीन इंजिनांचं विमान इतकं भरलेलं होतं की ते रनवेवरून उठलंच नाही. ते पेटलं आणि चारपैकी दोन जण गेले. एप्रिल १९२७ मध्ये नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर चाचणीतच गेले. ८ मे १९२७ ला फ्रान्सचे नुंजेसेर आणि कोली पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि पुन्हा कधीच दिसले नाहीत.

लिंडबर्गने याचा अर्थ इतरांपेक्षा वेगळा लावला. बाकीचे सुरक्षिततेसाठी इंजिनं वाढवत होते, माणसं वाढवत होते. त्याने उलटा विचार केला. तीन इंजिनं म्हणजे बिघडू शकतील अशा तीन गोष्टी, आणि तिप्पट तहान. एकच चांगलं इंजिन, एकच माणूस, आणि उरलेली सगळी जागा पेट्रोलला.

दोरा, पृथ्वीगोल आणि छत्तीस तुकडे

सेंट लुईसच्या काही व्यापाऱ्यांनी पैसे घातले, म्हणून विमानाचं नाव ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’. ते बनवलं सॅन डिएगोच्या रायन एअरलाइन्स या छोट्या कंपनीने, इंजिनिअर डोनाल्ड हॉल यांच्या आराखड्यावर, साधारण दोन महिन्यांत.

टाकी किती मोठी हवी हे ठरवायला आधी अंतर हवं. लिंडबर्ग आणि हॉल लायब्ररीत गेले आणि तिथल्या पृथ्वीगोलावर न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत दोरा ताणला. उत्तर आलं साधारण ३,६०० मैल. आजच्या फोनच्या आकड्याशी ताडून बघा, ३,६०० मैल म्हणजे जवळपास ५,८०० किलोमीटर. दोऱ्याने!

आता इथे जरा थांबू, कारण हा भाग आपल्या रोजच्या वापरातला आहे. दोरा गोलावर का ताणला, सपाट नकाशावर पट्टी का ठेवली नाही? विमानाचा मार्ग दाखवणाऱ्या ॲपमध्ये तुम्ही बघितलं असेल की लांबची विमानं वाकडी, उत्तरेकडे फुगलेली रेघ धरून जातात. पहिल्यांदा बघताना वाटतं की पायलट उगाच वळसा घालतोय. खरं तर तीच जवळची वाट असते. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. गोलावरची सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर काढली की कमानीसारखी दिसते. तिला ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात.

फरक किती पडतो? मी या दोन शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून दोन्ही अंतरं काढली. ग्रेट सर्कलने सुमारे ५,८१० किलोमीटर. नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि तीच दिशा धरून गेलं, तर सुमारे ६,०४५. म्हणजे जवळजवळ २३५ किलोमीटर जास्त. आजच्या जेटला ही पंधरा-वीस मिनिटं. लिंडबर्गच्या वेगाने सव्वा तासाहून अधिक, आणि तेवढं पेट्रोल.

पण कमानीवरून उडायचं म्हणजे दिशा सतत बदलत ठेवायची. आज हे काम कॉम्प्युटर करतो. लिंडबर्गने ती कमान नकाशावर काढली, तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यासाठी होकायंत्राची दिशा आधीच लिहून ठेवली. विमानाचा वेग ताशी साधारण शंभर मैल, म्हणजे एका तासाला एक तुकडा. असे छत्तीस. दर तासाला घड्याळ बघायचं आणि नाक थोडंसं उजवीकडे वळवायचं. मग तेच आकडे त्रिकोणमितीने हाताने पडताळूनही पाहिले. माझ्यासारखा माणूस यासाठी तयार लायब्ररी इम्पोर्ट करून मोकळा होतो. त्याने जे केलं ते त्याच लायब्ररीच्या पोटातलं गणित, पेन्सिलने.

बाकी विमान म्हणजे पंख लावलेली पेट्रोलची टाकीच. ४५० गॅलन, म्हणजे सुमारे १,७०० लिटर. उड्डाणाच्या वेळी एकूण वजनातलं निम्म्याहून जास्त नुसतं पेट्रोलचं होतं. मोठी टाकी पायलटच्या पुढे बसवली होती, कारण आदळलं तर इंजिन आणि टाकीच्या मध्ये चिरडायला नको. त्यामुळे समोर काचच नाही. समोरचं बघायला एक छोटा पेरिस्कोप, नाहीतर विमान थोडं तिरकं करून बाजूच्या खिडकीतून बघायचं. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, बसायला वेताची खुर्ची. वजन वाचवायला त्याने नकाशांच्या कडासुद्धा कापल्या.

हे जरा अतीच वाटतं, मान्य. पण पॅराशूटने ज्याचा जीव अनेकदा वाचला होता, त्यानेच पॅराशूट खाली ठेवलं. भर अटलांटिकमध्ये उडी मारून जायचं कुठे?

२० मे १९२७, सकाळी ७:५२

आदल्या रात्री त्याला झोप मिळालीच नाही. लाँग आयलंडच्या रूझवेल्ट फील्डवर पावसाने चिखल झालेला. इतकं वजन घेऊन हे विमान आधी कधी उडवलेलंच नव्हतं. ते चिखलात धडपडत गेलं, उठलं, पुन्हा टेकलं, आणि शेवटी रनवेच्या टोकाला असलेल्या टेलिफोनच्या तारा जेमतेम वीस फुटांनी चुकवून वर गेलं.

नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड. सेंट जॉन्स शहरावरून तो मुद्दाम खालून गेला. वाट थोडी वाकडी झाली, पण निदान लोकांनी आपल्याला पाहिलं असेल, म्हणजे हरवलो तर कुठपर्यंत आलो होतो एवढं तरी कळेल. त्यानंतर पाणी आणि अंधार. लोकेशन सांगणारं काही नाही. वेग, वेळ आणि दिशा यांवरून आपण कुठे असू याचा अंदाज बांधायचा, बस. तुमच्या फोनचं जीपीएस बोगद्यात गेल्यावर निळा ठिपका काही वेळ अंदाजानेच पुढे सरकतो ना, तसं. फक्त त्याचा बोगदा सोळा तासांच्या आसपास लांब होता.

या अंदाजाचा शत्रू म्हणजे वारा. बाजूने वारा आला तर विमान नकळत सरकत जातं, आणि विमानाच्या आत बसून ते कळत नाही. तो खाली लाटांच्या जवळ येऊन फेस कुठल्या दिशेला उडतोय ते बघायचा आणि त्यावरून वारा ओळखायचा. ढगांमध्ये पंखांवर बर्फ धरायला लागला तेव्हा त्याला मागे वळून बाहेर यावं लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे झोप. डोळे उघडे असताना झोप लागत होती. आपल्यामागे विमानात कोणीतरी बसलंय, बोलतंय, असे भास त्याला झाले. हे त्याने लगेच कुणाला सांगितलं नाही, सविस्तर लिहिलं ते १९५३ च्या पुस्तकात.

दुसऱ्या दिवशी खाली मासेमारीच्या होड्या दिसल्या. तो खाली घिरट्या घालून ओरडून आयर्लंड कुठे आहे असं विचारू लागला. कोणी उत्तर दिलं नाही. थोड्याच वेळात किनारा आला. नकाशाशी जुळवून पाहिलं तर आयर्लंडचा डिंगल उपसागर, ठरवलेल्या रेघेपासून साधारण तीन मैलांवर. आणि ठरल्यापेक्षा लवकर, कारण मागून वारा मिळाला होता. रात्रभर पाण्यावर, झोपेशी झगडत, आणि चूक फक्त तीन मैलांची. यात नशीब होतंच, दोन्ही बाजूंच्या वाऱ्यांनी एकमेकांना बरंचसं खोडून काढलं असणार. पण छत्तीस तुकडे नसते तर नशीब तरी कुठे लागू पडलं असतं?

पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर तो रात्री १०:२२ ला उतरला. एक लाखाहून जास्त लोक धावून आले. टाकीत ८५ गॅलन पेट्रोल शिल्लक होतं.

आता हिशोब करा. सकाळी ७:५२ ते दुसऱ्या दिवशी रात्री १०:२२ म्हणजे घड्याळाने साडेअडतीस तास. पण पॅरिसचं घड्याळ तेव्हा न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे होतं. ते वजा केले की साडेतेहतीस. आजही तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ आपापल्या शहराच्या घड्याळाने छापलेली असते. नुसती वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढला की तो चुकतो, तो याच कारणाने.

घरी परत कसा गेला माहितेय? बोटीने. नौदलाची युद्धनौका पाठवली होती, आणि तिला आठवडा लागला.

आकड्यांचं वेळापत्रक झालं

त्या उन्हाळ्यात तो तेच विमान घेऊन अमेरिकेच्या सर्व ४८ राज्यांत फिरला आणि जाहीर केलेल्या वेळेला पोचण्यात फक्त एकदाच चुकला. माझ्या मते हे पॅरिसइतकंच महत्त्वाचं. धाडस एकदा करता येतं. वेळेवर पोचणं रोज करावं लागतं, आणि तिकीट काढणारा माणूस दुसऱ्याच गोष्टीवर विश्वास ठेवतो.

डिसेंबर १९२७ मध्ये तो वॉशिंग्टनहून मेक्सिको सिटीला न थांबता गेला, सव्वासत्तावीस तासांत. यावेळी मात्र मेक्सिकोत वाट चुकला. खाली येऊन रेल्वे स्टेशनवरची पाटी वाचावी म्हटलं, तर ते गावाचं नाव नव्हतं, पुरुषांच्या स्वच्छतागृहाची पाटी होती, असा किस्सा सांगतात. याच भेटीत त्याची ॲन मॉरोशी ओळख झाली. १९२९ मध्ये लग्न झालं. ॲन स्वतः पायलट झाली, रेडिओ चालवायला शिकली, आणि १९३१ मध्ये दोघं उत्तरेकडून, अलास्का आणि सैबेरियाच्या कडेने, जपान-चीनला गेले. अमेरिकेहून आशियाला जायची जवळची वाट उत्तरेकडून आहे, हे पृथ्वीगोल सांगत होता. तिथून खरंच जाता येतं का, ते त्यांनी जाऊन पाहिलं.

दरम्यान १९२९ मध्ये त्याच्या सल्ल्याने एका कंपनीने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस प्रवास ४८ तासांवर आणला होता. कसा? दिवसा विमान, रात्री रेल्वे. अंधारात प्रवासी घेऊन उडणं तेव्हा धोक्याचं वाटत होतं, म्हणून रात्री सगळे झोपायच्या डब्यात.

गणिताबाहेरचा लिंडबर्ग

१ मार्च १९३२ ला त्याच्या वीस महिन्यांच्या मुलाला घरातून पळवून नेलं. मे महिन्यात मृतदेह सापडला. वर्तमानपत्रांनी त्या कुटुंबाचा इतका पिच्छा पुरवला की १९३५ च्या शेवटी ते इंग्लंडला निघून गेले.

आणि मग तो भाग, जो बरेच लेख गाळतात. लिंडबर्ग जर्मनीत गेला, तिथल्या विमानदलाने भारावला, आणि १९३८ मध्ये त्याने गोरिंगच्या हातून नाझी सरकारचं पदक घेतलं, जे नंतरही परत केलं नाही. अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून तो सभा घेऊ लागला. सप्टेंबर १९४१ मधल्या भाषणात त्याने देशाला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये ज्यूंचं नाव घेतलं. लोक संतापले, आणि ते बरोबरच होतं. पेट्रोलचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या माणसाला समोर काय चाललंय ते दिसलं नाही, किंवा त्याने पाहिलं नाही. हुशारी एका विषयातून दुसऱ्या विषयात आपोआप जात नाही, हे आमच्या क्षेत्रातही रोज दिसतं.

युद्ध सुरू झाल्यावर त्याला पुन्हा सैन्यात घेतलं नाही. तरी १९४४ मध्ये तो साधा नागरिक म्हणून पॅसिफिकमध्ये पोचला आणि तिथल्या तरुण पायलटना त्याने आपलं जुनं गणित शिकवलं: इंजिनाचे फेरे कमी ठेवा, मिश्रणात पेट्रोल कमी करा, आणि तीच टाकी कित्येक तास जास्त पुरवा. विमान तेच, टाकी तीच, पल्ला मात्र शेकडो किलोमीटरने वाढला.

खाजगी आयुष्यातही झाकलेलं बरंच होतं. त्याला जर्मनीत गुप्तपणे आणखी मुलं होती, हे २००३ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झालं.

शेवटच्या वर्षांत तो निसर्ग आणि प्राणी वाचवण्याच्या कामात पडला. आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानांना त्याने विरोध केला. त्याच्या मृत्यूनंतर तीनेक वर्षांनी काँकॉर्ड न्यूयॉर्क-पॅरिस साडेतीन तासांत जाऊ लागलं. २००३ मध्ये ते बंद झालं आणि आपण पुन्हा सातवर आलो. परतीला आठच्या वर लागतात, कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. लिंडबर्गला मागून मिळाला, तसा पश्चिमेकडून येणारा.

ऑगस्ट १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये असताना त्याला कळलं की कॅन्सर बरा होणार नाही, थोडेच दिवस उरलेत. त्याने हवाईच्या माउई बेटावरच्या आपल्या घरी जायचं ठरवलं. नेहमीच्या प्रवासी विमानातून, स्ट्रेचरवर, तो न्यूयॉर्कहून पश्चिमेकडे निघाला. तिथे त्याने आपली कबर कशी असावी, शवपेटी कुठल्या लाकडाची असावी हे सांगून ठेवलं, आणि २६ ऑगस्टला तो गेला. किपाहुलू गावातल्या छोट्या चर्चच्या मागे, समुद्राजवळ त्याला पुरलं आहे.